टूनच्या रायफलची दुर्बीण

भीमसेन ओव्हाळांनी शेजारच्या टूनला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा तो झाडूने नेम धरत होता.

ऑगस्टची सकाळ होती. बेस्ट या डच गावातल्या त्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या मागे पट्टीएवढ्या बागा होत्या आणि दोन बागांच्या मध्ये कमरेएवढं कुंपण. भीमसेन चहाचा कप घेऊन तिथे उभे होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पलीकडे तो उंच, लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा बागेतल्या टेबलावर ओणवा झाला होता. झाडूचा दांडा खांद्याला लावलेला, दांड्यावर रबरबँडने बांधलेली पुठ्ठ्याची नळी, आणि एक डोळा मिटून स्वारी समोरच्या धुराड्याकडे बघत होती.

दुसरा कोणी असता तर हसून घरात गेला असता. भीमसेनांना मात्र फक्त त्याचा उजवा कोपर दिसला. कोपर कोंबडीच्या पंखासारखा बाहेर आला होता.

भीमसेनांची बत्तीस वर्षं दौंडला राज्य राखीव पोलीस दलात गेली होती, त्यातली वीस शस्त्रागारात. हवालदार म्हणून निवृत्त होईपर्यंत त्यांनी चांदमारीच्या मैदानावर किती जवानांचे कोपर सरळ केले, त्याची मोजदाद नव्हती. त्यांना राहवेना. त्यांनी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला, फाटक उघडलं, आणि एक शब्द न बोलता त्या परक्या माणसाचा कोपर दोन बोटांनी आत दाबला. मग हनुवटी धरून गाल दांड्यावर नीट टेकवला.

टून दचकला. पण हलला नाही. त्याने पुन्हा डोळा लावला, धुराड्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, "खूत!"

हा त्यांच्या भाषेतला ‘गुड’ आहे, हे भीमसेनांना मुलीकडे आल्यावर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तेवढ्या एका शब्दाने त्या दिवशी त्यांची छाती दोन इंच फुगली.

त्याला कारण होतं. मुलगी समता वेल्डहोव्हनच्या एका कंपनीत भिंगांवर काम करायची. एकतिसाव्या वर्षी स्वतःच्या हिमतीवर घर थाटून तिने आईवडलांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. राधाबाई पंधरा दिवसांत इथल्या होऊन गेल्या. तुर्की भाजीवाला त्यांच्यासाठी कोथिंबिरीची जुडी बाजूला काढून ठेवायला लागला, कोपऱ्यावरच्या बाई त्यांना ओळीने फुलांची नावं सांगायला लागल्या. भीमसेन मात्र बदली झालेल्या पण चार्ज न मिळालेल्या हवालदारासारखे घरभर फिरत. भांडी मशीन धुवायचं, कपडे मशीन धुवायचं, रस्त्यावर साधा कागदाचा कपटासुद्धा नव्हता. ऑक्टोबरात धम्मदीक्षेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती, त्यासाठी नागपूरला जायचं, एवढ्या एका तारखेकडे डोळे लावून ते दिवस काढत होते.

आता त्यांना चार्ज मिळाला.

टूनची हकिगत त्या दिवशी दुपारपर्यंत उलगडली. दोघांचंही इंग्रजी तोकडं होतं, पण हातांनी बाकीचं भरून काढलं. टून अडुसष्ट वर्षांचा. जन्मभर लाकडी बुटांच्या कारखान्यात पॉप्लरचे ओंडके कोरले. रायफलचा दस्ताही त्याने स्वतः अक्रोडाच्या लाकडातून आपल्या गालाच्या मापाने घडवलेला होता, तीस वर्षांपूर्वी. नेमबाजीच्या क्लबचा तो जुना सभासद. शिवाय वर्षातून दोनदा-तीनदा हरणं मोजून किती मारायची ते ठरवून दिलेल्या रानात, संधिप्रकाशात, मचाणावर बसून शिकारीला जायचा.

"मे महिन्यात एक नर समोर आला," टून म्हणाला. "ऐंशी मीटर. माझ्या जुन्या दुर्बिणीत बुरा चढलाय. मला शिंगं दिसली, खांदा दिसला नाही. मी गोळी झाडली नाही."

"बरं केलंत," भीमसेन म्हणाले. "मी जनावरावर कधीच बंदूक रोखली नाही. आयुष्यभर फक्त कागद. पण झाडायचीच तर दिसल्याशिवाय झाडू नये."

"म्हणून नवी दुर्बीण घ्यायचीय. क्लबमध्ये तीनशे मीटरची शरद स्पर्धा असते. गेली दोन वर्षं मी शेवटून दुसरा येतोय. यंदाही दिसलं नाही, तर मी परवाना परत करणार." हे सांगताना टूनने झाडूवरची पुठ्ठ्याची नळी सोडवून टेबलावर ठेवली आणि तिच्याकडे बघत बसला.

भीमसेनांनी त्याच्या दंडावर थाप मारली. "आधी दुर्बीण बघू. परवान्याचं मग."

संध्याकाळी जेवताना त्यांनी हा सगळा वृत्तांत समतासमोर मांडला, सोबत टूनने दिलेली चार माहितीपत्रकंही. समताने भाकरी डाव्या हातात धरून उजव्या हाताने पत्रकं उलटली.

"पप्पा, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही. हे बघा, सहा ते चोवीस पट, पुढचं भिंग छप्पन मिलिमीटर. जेवढं भिंग मोठं तेवढा तपशील जास्त आणि प्रकाश जास्त. हीच घ्यायची."

"समू, बंदूक म्हणजे दुर्बिणीचं स्टँड नव्हे," भीमसेन म्हणाले. "एवढं मोठं भांडं बसवायला कडी उंच लागणार. कडी उंच झाली की डोळा उंच जाणार. डोळा उंच गेला की गाल लाकडावरून सुटणार. गाल सुटला की संपलं."

"पण तुम्ही कधी दुर्बिणीतून गोळी झाडलीय का?"

"नाही. आमच्याकडे नळीच्या टोकाला नेम धरायची माशी आणि मागे खाच. आणि तू कधी गोळी झाडलीस का?"

"तुम्ही मला शस्त्रागाराच्या फाटकापर्यंत तरी कधी येऊ दिलंत?" समता पटकन बोलून गेली.

राधाबाईंनी दोघांच्या ताटात आमटी वाढली. "आधी जेवा. त्या टूनभाऊंना तरी कुठे ठाऊक आहे, त्यांच्या डोळ्यांवरून आपल्याकडे भांडण लागलंय ते!"

शनिवारी समता, भीमसेन आणि टून तिघं दुकानात गेले. टूनने रायफल परवान्यासकट, नियमाप्रमाणे पेटीत कुलूप लावून आणली होती. दुकानाची मालकीण रिया ही पन्नाशीची, चष्मा केसांत खोचलेली, मोठ्या आवाजाची बाई. तिने काउंटरवर हिरवं कापड पसरलं आणि त्यावर दोन दुर्बिणी ठेवल्या. एक ती छप्पनवाली, काळीभोर, लांबलचक, हातात घेतली की मनगट झुकावं अशी. दुसरी चार ते सोळा पट, चव्वेचाळीसची, दिसायला साधीच.

टूनची नजर पहिलीवरून हलेना. "आमच्या क्लबातल्या विजेत्याकडे हीच आहे," तो म्हणाला.

रियाने ती रिकाम्या रायफलवर बसवून दिली. भीमसेन म्हणाले, "टूनसाहेब, डोळे मिटा. आता रायफल खांद्याला लावा, गाल लाकडावर टेकवा, जसा रोज टेकवता तसा. टेकला? आता उघडा डोळे."

टूनने डोळे उघडले. "काळोख," तो म्हणाला. "खालून अर्धा चंद्र दिसतोय."

"आता दिसेल असं करा."

टूनने मान उचलली. दृश्य दिसलं, पण त्याचा गाल आणि त्याने स्वतः कोरलेलं अक्रोडाचं लाकूड, यांच्यात चांगली दोन बोटांची फट पडली. भीमसेनांनी त्या फटीत आपली दोन बोटं घातली आणि मुलीकडे पाहिलं.

समताच्या कपाळावर आठी पडली. विचार करताना ती आठी लहानपणापासून पडायची. तिने रियाला मागच्या खोलीतला दिवा मंद करायला सांगितला, टूनला पाच मिनिटं तिथे बसवलं आणि मग काउंटरवरची प्लॅस्टिकची पट्टी त्याच्या डोळ्याखाली धरून वाकून पाहिलं.

"पाच मिलिमीटर," ती बाहेर येत म्हणाली. "जेमतेम पाच. पप्पा, मी चुकले."

"काय झालं?"

"वय वाढलं की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीएवढी उघडत नाही. आठ पट मोठं करून बघितलं, तर ह्या छप्पनच्या भिंगातून सात मिलिमीटरचा झोत बाहेर येतो. टूनच्या डोळ्यात पाचच मावतो. वरचा सगळा प्रकाश गालावर सांडणार. चव्वेचाळीसमधून साडेपाच येतो. म्हणजे संधिप्रकाशात दोन्ही त्याच्यासाठी सारख्याच."

"घागर मोठी, पण तांब्याचं तोंड लहान," भीमसेन म्हणाले.

"अगदी तेच!" समता हसली. तिने हेच डच भाषेत टूनला समजावलं, घागर-तांब्यासकट. रियानेही कान देऊन ऐकलं आणि केसांतला चष्मा काढून डोळ्यांवर लावला. "चोवीस वर्षं दुकान चालवतेय," ती म्हणाली, "पण गिऱ्हाइकाची बाहुली मोजणारी मुलगी आज पहिल्यांदा बघितली."

छोटी दुर्बीण बसवल्यावर टूनने डोळे मिटले, गाल टेकवला, डोळे उघडले. अख्खं, गोल, स्वच्छ दृश्य. पण चेहरा काही खुलला नाही. मन त्या काळ्याभोर दुर्बिणीतच अडकलं होतं. रियाने तोडगा काढला. "उद्या तुमच्या क्लबला तीनशे मीटरचं मैदान मिळतंय ना? ही घेऊन जा. नाही आवडली तर सोमवारी परत आणा, मी मोठी देते."

रविवारी सकाळी चौघंही निघाले. राधाबाईंना घरी ठेवायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी पहाटेच उठून थालीपिठं लावली होती. लष्कराच्या मालकीचं ते मैदान दीड तासावर होतं, हीदरच्या जांभळ्या झुडपांमधून गेलेला वाळूचा रस्ता, आणि पुढे लांबच लांब हिरवा पट्टा. त्याच्या टोकाला मातीचा बांध आणि टार्गेटं. दारावर भीमसेनांनी आणि समताने पासपोर्ट दाखवले, पाहुणे म्हणून वहीत सह्या केल्या. कानांना लावायची झाकणं मिळाली. राधाबाई मागे बाकावर बसल्या.

बंदुकीच्या दारूचा तो ओळखीचा वास नाकात गेला आणि भीमसेनांची पाठ आपोआप ताठ झाली.

पहिलं काम त्यांनी शंभर मीटरवर करून घेतलं. एक गोळी. मग दुर्बिणीची चकती दहा खटके वर, एक गोळी. दहा उजवीकडे, एक गोळी. दहा खाली, एक. दहा डावीकडे, एक. शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी जाऊन बसली पाहिजे. गेली. दोन भोकं एकमेकांना चिकटून.

"यंत्र इमानदार आहे," भीमसेनांनी निकाल दिला. "आता माणूस बघू."

माणसाचं काही जमेना. तीनशे मीटरवर टूनने पाच गोळ्या झाडल्या आणि पाच दिशांना घालवल्या. पुन्हा पाच. एक तर टार्गेटच्या कडेबाहेर. त्याचा चेहरा आधीच लाल. आता कानही लाल झाले. त्याने कानांवरची झाकणं काढली आणि चटईवर तसाच पालथा पडून राहिला.

"दुर्बिणीतली फुली हलते," तो म्हणाला. "मी स्थिर धरतो, ती हलते. धरू पाहतो, पळते. मोठीच घ्यायला हवी होती. नाहीतर माझंच वय झालंय."

भीमसेन विचारात पडले. कोपर बरोबर होता, गाल बरोबर होता, श्वासही ठीक. खोट कुठे आहे ते बाहेरून दिसत नव्हतं. मैदानाचा अधिकारी म्हणाला, पाहुण्यांना सभासदाच्या देखरेखीखाली झाडायची मुभा आहे. टून उठला आणि त्याने चटईकडे हात केला. "मेनेर भीमसेन, तुम्ही बघा." मेनेर म्हणजे साहेब, हे आता भीमसेनांना कळत होतं.

भीमसेनांनी बूट नीट केले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि सहासष्टाव्या वर्षी, आठ वर्षांनी, ते पुन्हा पोटावर झोपले. समता दोन पावलं मागे उभी होती. तिने वडलांना गणवेशात हजारदा पाहिलं होतं, किल्ल्यांच्या जुडग्यासह घरी येताना पाहिलं होतं. रायफलमागे कधीच नाही. त्यांचे खांदे जमिनीशी असे मिळून गेले की तिथे माणूस आहे की उंचवटा, कळेना.

मग तिला विचित्र आवाज आला. पप्पा हसत होते.

"काय झालं?"

"अगं समू, ही फुली उडतेय! टक्, टक्, टक्, तालात. आधी वाटलं, दुर्बीण सैल आहे. हे माझं काळीज आहे गं! बत्तीस वर्षं नेम धरला, माझ्या काळजाचा ठोका मला कधी दिसला नव्हता!"

त्यांनी रायफल न हलवता दुर्बिणीवरच्या, पट कमी-जास्त करायच्या कड्यावरचा आकडा बघितला. सोळा. टूनने कडं पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं होतं.

"ते सोळा पट करून दाखवतंय," समता खाली बसत म्हणाली. "टार्गेटही सोळा पट, आणि तुमचं थरथरणंही सोळा पट."

"आणि ते दिसलं की माणूस घाबरतो. फुली पकडायला धावतो आणि चापाला हिसका देतो. टूनसाहेबांचं तेच होतंय." भीमसेनांनी कडं मागे फिरवलं. चौदा, बारा, दहा. पुन्हा डोळा लावला. टार्गेट अजूनही दाराशी आल्यासारखं जवळ होतं, पण फुली आता शांत बसली होती, गोठ्यातल्या गाईसारखी.

त्यांनी उजवीकडच्या गवताकडे एकदा पाहिलं. मंद वारा होता, एका बाजूने. श्वास घेतला, अर्धा सोडला. पहिली गोळी गेली. मग दुसरी. घाई नाही, उशीरही नाही. पाचवी झाल्यावर त्यांनी रायफल खाली टेकवली, चेंबर उघडं करून अधिकाऱ्याला दाखवलं, आणि मगच मान उचलली.

टून शेजारी तिवईवर लावलेल्या दुर्बिणीतून टार्गेट बघत होता. त्याने आपला पंजा उघडून समतासमोर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने तळव्यात पाच टिंबं दाखवली. तळहाताएवढ्या जागेत पाचही.

"पप्पा!" समता ओरडली. मागच्या बाकावरून राधाबाईंनी विचारलं, "लागली का?"

"सगळ्या!"

"मग त्यात काय," राधाबाई म्हणाल्या. "त्यांच्या नेहमी लागायच्या." पण त्या उठून उभ्या राहिल्या होत्या.

आता टून चटईवर झोपला. भीमसेन त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "कड्याला हात लावायचा नाही. फुली थोडी हलणार. हलू द्या. ती तुम्ही जिवंत असल्याची खूण आहे. तिच्या मागे धावायचं नाही. बोट हळूहळू दाबत राहायचं. कधी सुटली ते तुम्हालाही कळता कामा नये."

पहिल्या गोळीनंतर टूनने वर बघितलं. भीमसेनांनी मान डोलावली. दुसरी. तिसरी. चौथीला वारा पडला. भीमसेनांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून थांबवलं आणि गवत पुन्हा वाकल्यावर हात काढला. पाच झाल्या तेव्हा अधिकाऱ्याने स्वतः दुर्बिणीतून पाहिलं आणि डचमध्ये काहीतरी मोठ्याने म्हणाला. आजूबाजूचे चार-पाच जण गोळा झाले. चहाच्या बशीखाली झाकली जातील अशी पाच भोकं होती, आणि त्यातली तीन मधल्या काळ्या वर्तुळात.

अडुसष्ट वर्षांच्या त्या माणसाने चटईवरून उठून भीमसेनांना मिठी मारली आणि जमिनीवरून चार बोटं उचललं. दौंडच्या दलात असा सलाम कोणी केला नव्हता. भीमसेनांची टोपी पडली, ती राधाबाईंनी उचलली. मग त्यांनी डबा उघडला आणि थालीपीठ, दही आणि ठेचा बाकावर मांडला. ठेच्याला हात घालणाऱ्या पहिल्या दोघा डच नेमबाजांचे डोळे भरून आले. तिसऱ्याने शहाणपणाने दही घेतलं.

खाणं झाल्यावर भीमसेन मुलीकडे वळले. "चल, झोप."

"मी?"

"भिंगाचं गणित तू केलंस. आता त्यातून बघ तरी."

समता चटईवर आडवी झाली. रायफल वाटली होती त्यापेक्षा जड होती. वडलांचा हात तिच्या कोपरावर आला आणि कोपर आत दाबला गेला. मग हनुवटीला दोन बोटं लागली आणि गाल लाकडावर टेकला. "श्वास घे. अर्धा सोड. आता जग थांबलंय. दाब." धक्का बसला, खांद्याला आणि कुठेतरी आतही. गोळी वर्तुळांच्या बाहेर, पण कागदावर लागली होती. समता उठली ती टाळ्या वाजवतच. "लागली! पप्पा, कागदाला लागली!"

"पहिल्या दिवशी माझी कागदालाही लागली नव्हती," भीमसेन म्हणाले. हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

परतताना ती गाडी चालवत होती आणि ते शेजारी बसले होते. टून आणि राधाबाई मागे डुलक्या घेत होते. "शस्त्रागारात तुम्ही दिवसभर नक्की काय करायचात?" तिने विचारलं. भीमसेन सांगू लागले. थ्री-नॉट-थ्रीच्या नळ्या कशा तपासायच्या, पावसाळ्यात तेल कोणतं लावायचं, कुठल्या जवानाची रायफल नेहमी डावीकडे का मारायची. ती प्रश्न विचारत गेली, हे उत्तरं देत गेले. बेस्टला जायचा फाटा आला तेव्हा समताने तो पाहिला आणि सरळ पुढे गेली. पुढच्या फाट्यावरून वळून यायला वीस मिनिटं जास्त लागली. कोणीच तक्रार केली नाही.

सोमवारी टूनने दुकानात जाऊन छोटी दुर्बीण कायमची घेतली. स्पर्धा ऑक्टोबरात झाली. तोवर भीमसेन आणि राधाबाई नागपूरहून लाखोंच्या गर्दीत दीक्षाभूमीचं दर्शन घेऊन दौंडला परत पोहोचले होते. रात्री नऊ वाजता फोन वाजला. पलीकडून समता होती आणि तिच्यामागून कोणीतरी एकसारखं ओरडत होतं.

"पप्पा, टून तिसरा आला! एकतीस जणांत तिसरा! आणि विचारतोय, त्या विजेत्याच्या चोवीस पटवाल्या दुर्बिणीचं काय करायचं? तो माणूस म्हणतोय, त्याचीही फुली हलते."

भीमसेनांनी खुर्ची ओढली आणि नीट मांडी ठोकून बसले. "त्याला म्हणावं, कडं मागे फिरव. आणि कोपर कसा धरतो ते सांग मला."